मॉडेल आत आलं, पण जोडलं गेलं का?

ऑटोकॅडमधून स्टॅडमध्ये, आर्किटेक्टच्या प्लॅनवरून ईटॅब्समध्ये, सॉलिडवर्क्समधून अॅन्सिसमध्ये. चित्र काढायच्या प्रोग्रॅममधून ताकद तपासायच्या प्रोग्रॅममध्ये मॉडेल नेण्याची ही वाट. या महिन्यातली बहुतेक पत्रं या एकाच वाटेवर अडलेल्यांची आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ती मुद्दाम लांबू दिली, कारण अशी मॉडेलं तपासायला माझ्याकडे येतात तेव्हा पुन्हा पुन्हा तीच दुखणी दिसतात. त्या छपराखाली पुढची तीस-चाळीस वर्षं माणसं काम करणार असतात, हे मला विसरता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी चाकणजवळच्या एका फॅब्रिकेटरकडे ड्राफ्ट्समन आणि डिझायनर अशी दोन्ही कामं करतो. २० मीटर स्पॅन, ६ मीटर बे (दोन फ्रेममधलं अंतर), ८ मीटर ईव्ह्ज (छपराच्या कडेची उंची) आणि १० ला १ उतार अशी शेड आहे. ऑटोकॅडमध्ये थ्रीडी सेंटर लाइन काढली आणि डीएक्सएफ (रेखाटन दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याची फाइल) करून स्टॅडमध्ये घेतली. दिसायला एकदम बरोबर आहे. पण रन केलं की झीरो स्टिफनेस आणि इन्स्टॅबिलिटीच्या वॉर्निंगची रांग लागते. एक नोड (जोडबिंदू) तर काही किलोमीटर सरकलेला दाखवतो. सपोर्ट तपासले, सेक्शन तपासले. साहेब म्हणतात, सगळं पुन्हा काढ. काय करू?
— एक वाचक, चाकण

उत्तर : पुन्हा काढू नका. त्याच सवयीने काढलंत तर तीच अडचण परत येईल. आहे तेच मॉडेल दुरुस्त होण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. दोन रेषा एकमेकींना टेकल्या की जोड झाला, असं आपल्या डोळ्यांना वाटतं. स्टॅडपाशी मात्र एवढीच नोंद असते की मेंबर (कॉलम, राफ्टर असा एकेक दांडा) १४ हा नोड ७ पासून नोड ८ पर्यंत आहे. तुमच्या कॉलमचं टोक ८.००० मीटरवर आणि राफ्टरचं (छपराच्या तिरप्या तुळईचं) टोक ७.९९४ वर असेल, तर स्क्रीनवर तो एकच ठिपका दिसतो. प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे नोड असतात आणि राफ्टर हवेत लोंबकळत असतो. सरकलेला नोड बहुधा अशाच एखाद्या राफ्टरचा किंवा टाय रनरचा (फ्रेमना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचा) निघेल. त्याच्यावर क्लिक करा आणि तिथे किती नोड आहेत ते मोजा.

स्टॅडमध्ये डुप्लिकेट नोड्स, ऑर्फन नोड्स आणि मल्टिपल स्ट्रक्चर्स तपासायच्या सोयी आहेत. सुरुवात मल्टिपल स्ट्रक्चर्सने करा. एक शेड म्हणून काढलेलं मॉडेल प्रत्यक्षात किती सुट्या तुकड्यांचं आहे, हे ती वेगळ्या रंगांत दाखवते. मग डुप्लिकेट नोड मर्ज करा, पण टॉलरन्स जपून द्या. ५ ते १० मिलिमीटर पुष्कळ झाले. कंटाळून १०० मिलिमीटर दिलेत, तर ब्रेसिंगच्या गसेटसाठी (जोडपट्टीसाठी) मुद्दाम ठेवलेलं अंतरही मिटून जाईल. क्रेनचं ब्रॅकेट कॉलमच्या सेंटरपासून ४०० मिलिमीटर बाहेर असतं आणि त्या अंतरामुळेच कॉलममध्ये मोमेंट (वाकवणारा परिणाम) येतो. अशी अंतरं मॉडेलमध्ये राहिलीच पाहिजेत.

दुसरं, एक रेषा दुसरीवरून नुसती गेली तर जोड होत नाही. राफ्टर ईव्ह्जपासून रिजपर्यंत एकसंध असेल आणि पर्लिन (पत्रे ज्यावर बसतात तो आडवा दांडा) त्याच्या मधल्या बिंदूवर येत असेल, तर तिथे नोड हवा, म्हणजे राफ्टर तिथे तुटलेला हवा. ‘इंटरसेक्ट सिलेक्टेड मेंबर्स’ हे काम करून देतं. मात्र सगळी शेड सिलेक्ट करून ते चालवू नका. तुमच्या बाजूच्या बेमध्ये क्रॉस ब्रेसिंग असेल. दोन रॉड एकमेकांना फक्त ओलांडून जातात, मध्यावर वेल्ड नसतो. सरसकट इंटरसेक्ट केलंत की तिथे नवा नोड येतो. ते मेंबर तुम्ही ट्रस (फक्त ओढ-दाब घेणारे) म्हणून दिलेले असतात. त्या नोडला प्रतलाबाहेरच्या दिशेने धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि इन्स्टॅबिलिटीची नवी वॉर्निंग येते. मी पाहिलेल्या मॉडेलांत अर्ध्या वॉर्निंग या एकाच कारणाच्या असतात.

आता वॉर्निंग न देणारी चूक, जिची मला जास्त धास्ती वाटते. ऑटोकॅडमध्ये कॉपी-पेस्ट करताना एकाच जागी दोन रेषा बसतात. स्टॅडमध्ये ते दोन मेंबर होतात. स्टिफनेस दुप्पट, सेल्फवेट दुप्पट आणि फोर्स दोघांत निम्मा निम्मा. डिझाइन छान पास होतं. साइटवर एकच राफ्टर लागतो आणि त्याच्यावर सगळा भार येतो. म्हणून डीएक्सएफ करण्याआधी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल (एकावर एक बसलेल्या रेषा पुसणारी कमांड) चालवाच. पॉलिलाइन आणि ब्लॉक एक्स्प्लोड करून साध्या लाइन करून घ्या. डायमेन्शन, टेक्स्ट, हॅच यांचे लेअर काढून टाका. सर्व्हेचे कोऑर्डिनेट असतील तर एका कॉलमचा पाया ०,०,० वर आणा. लाखांतले कोऑर्डिनेट मिलिमीटरमध्ये घेऊन फिरलात की शेवटच्या आकड्यांचा भरवसा राहत नाही. फ्लॅटन ही कमांड थ्रीडी मॉडेलवर वापरू नका, सगळी शेड जमिनीवर सपाट होईल.

इम्पोर्टच्या वेळी युनिट आणि वरची दिशा नीट सांगा. ऑटोकॅडमध्ये वरची दिशा झेड, स्टॅडमध्ये नेहमीची वाय. ते चुकलं तर शेड पाठीवर आडवी पडते आणि वायच्या उलट दिशेला दिलेलं सेल्फवेट छपराला बाजूने ढकलतं. आत आल्याबरोबर एका कॉलमची लांबी वाचा. ८ आली पाहिजे. ८००० आली तर तिथेच थांबा.

सेक्शनची दिशा डीएक्सएफमधून येत नाही, येऊही शकत नाही, कारण रेषेला वेब (सेक्शनची मधली उभी पट्टी) नसतो. स्टॅडमध्ये वाय वर असताना उभ्या कॉलमचा बीटा (सेक्शन स्वतःभोवती फिरवण्याचा कोन) शून्य असेल, तर त्याचा मजबूत अक्ष एक्स-वाय प्रतलातल्या वाकण्यासाठी लागतो. तुमच्या फ्रेम एक्स दिशेने असतील तर ठीक. झेड दिशेने असतील तर बीटा ९० द्यावा लागेल. आयएसएमबी ३०० या भारतीय आय-सेक्शनमध्ये दोन अक्षांच्या मोमेंट ऑफ इनर्शियात (वाकण्याला विरोध करण्याच्या मापात) सुमारे १९ पटींचा फरक आहे. थ्रीडी रेंडर करून प्रत्येक कॉलमचा वेब डोळ्यांनी पाहा. याला दुसरा उपाय नाही.

पर्लिनपाशी राफ्टर तोडलात, त्याची एक किंमत असते आणि ती फार जण विसरतात. तुमचा अर्धा राफ्टर १०.०५ मीटरचा आहे. पर्लिन दीड-दीड मीटरवर असतील, तर स्टॅड प्रत्येक तुकड्याची लांबी दीड मीटर धरतं आणि बकलिंगही (दाबाखाली वाकून जाणंही) तेवढ्याच लांबीवर तपासतं. कमजोर अक्षासाठी दीड मीटर चालेल, कारण पर्लिन आडवा आधार देतात. मजबूत अक्षाला पर्लिनचा काही आधार नाही. तिथे एलझेड (त्या अक्षासाठीची बकलिंगची लांबी) तुम्हाला हाताने द्यावा लागेल. डिफ्लेक्शन तपासतानाही डीजे१ आणि डीजे२ देऊन सांगा की पूर्ण राफ्टर कुठून कुठपर्यंत आहे. नाहीतर प्रत्येक दीड मीटरचा तुकडा आपापला पास होतो आणि मधलं छप्पर किती खाली आलं हे कुणीच विचारत नाही. आणखी एक, वाऱ्याने छप्पर वर खेचलं की राफ्टरच्या मधल्या भागात खालचा फ्लँज (सेक्शनची आडवी पट्टी) दाबात येतो. पर्लिन वरच्या फ्लँजला बसलेल्या असतात. खाली फ्लाय ब्रेस (खालच्या फ्लँजला धरणारा तिरपा आधार) दाखवलेला नसेल तर दीड मीटरची लांबी तिथे धरू नका.

मी स्वतः शेडच्या मुख्य विश्लेषणात पर्लिन घेतच नाही. त्यांचं वजन आणि त्यांच्यावरचा भार राफ्टरवर देते, पर्लिन वेगळ्या डिझाइन करते. मॉडेल लहान राहतं आणि चूक दिसते. तुमच्या साहेबांना पर्लिनसकट मॉडेल हवं असेल तर हरकत नाही, फक्त वरच्या लांब्या तपासा.

हे सगळं झाल्यावर एकच लोड केस लावा. आयएस ८७५ भाग २ या भारतीय मानकाप्रमाणे, १० अंशांपर्यंतच्या उताराच्या आणि वर वावर नसलेल्या छपरावर लाइव्ह लोड ०.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. तुमचा उतार ५.७ अंशांचा. ०.७५ गुणिले ६ म्हणजे मधल्या फ्रेमवर मीटरला ४.५ किलोन्यूटन. गुणिले २० म्हणजे ९० किलोन्यूटन. मधल्या कोणत्याही फ्रेमच्या प्रत्येक कॉलमखाली जवळपास ४५ ची उभी रिअॅक्शन आली पाहिजे. ५१ आली किंवा ३० आली तर वाऱ्याला हातच लावू नका, आधी भार कुठे गेला ते शोधा. आमच्या ऑफिसात हा आकडा कागदावर लिहून त्याच्याशेजारी स्टॅडचा आकडा लिहिल्याशिवाय पुढचं लोडिंग कुणी लावत नाही.

प्रश्न : आम्ही आर्किटेक्टकडून आलेला प्लॅन थेट ईटॅब्समध्ये इम्पोर्ट करतो. पार्किंग अधिक सात मजले. बीमच्या दोन्ही रेषा येतात, भिंती येतात, आणि कॉलम मजल्यागणिक थोडे सरकलेले दिसतात. मग स्लॅबचं मेशिंग (हिशेबासाठी बारीक तुकडे पाडणं) विचित्र होतं. प्लॅन नीट करून मागावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आर्किटेक्टनी प्लॅन त्यांच्या कामासाठी नीटच काढलेला असतो. बांधणाऱ्याला भिंतीची कड हवी असते म्हणून तिथे दोन रेषा आहेत. तुम्हाला हवी असलेली मधली रेषा त्या चित्रात कुठेच नाही. ती कुठून जाईल हे ठरवणं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे, आणि ते कुणा शिकाऊ मुलावर सोपवू नये असं मला मनापासून वाटतं. प्लॅन मागे पार्श्वभूमीला ठेवा, त्यावरून ग्रिड स्वतः बसवा, आणि बीम-कॉलम त्या ग्रिडवर काढा. सात मजल्यांच्या इमारतीला यात एक दिवस जातो. इम्पोर्ट केलेल्या दुहेरी रेषा साफ करायला त्याहून जास्त जातो.

कॉलम का सरकतात, हे मात्र सविस्तर सांगते. बाहेरची बाजू एका ओळीत राहावी म्हणून वरच्या मजल्यांवर ६०० चा कॉलम ४५० केला, की त्याचं सेंटर ७५ मिलिमीटर आत जातं. प्रत्येक मजल्याचं सेंटर जसंच्या तसं घेतलंत तर वरच्या कॉलमचा नोड खालच्या नोडपासून ७५ मिलिमीटर दूर पडतो. मग एक तर कॉलम तुटतो, नाहीतर तिथे ७५ मिलिमीटरचा इवलासा बीम तयार होतो आणि शेजारी स्लॅबचे सुईसारखे त्रिकोण पडतात. तुमचं मेशिंग त्यामुळेच बिघडतंय.

उपाय म्हणून ग्रिड खालपासून वरपर्यंत एकच ठेवा. पण तेवढ्यावर सोडून दिलंत तर खरा मोमेंट हरवतो. त्या जोडावर वरून १५०० किलोन्यूटन येत असतील, तर १५०० गुणिले ०.०७५ म्हणजे ११२.५ किलोन्यूटन-मीटर. २३० रुंदीच्या बीमना आणि खालच्या कॉलमला मिळून तो घ्यावा लागणार आहे. ही रक्कम दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ईटॅब्समध्ये इन्सर्शन पॉइंट देऊन कॉलम ग्रिडपासून बाजूला बसवता येतो. तो परिणाम खरंच हिशेबात आला का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. एक वेगळी लोड केस करा आणि त्या एका कॉलमवर वरून १०० किलोन्यूटन द्या. जोडाभोवती मिळून ७.५ किलोन्यूटन-मीटर दिसले पाहिजेत. शून्य दिसलं, तर तुमचा कॉलम फक्त चित्रात सरकलाय.

२३० चा बीम ३०० च्या कॉलमच्या बाहेरच्या कडेला असेल, तर फरक ३५ मिलिमीटरचा. त्यासाठी मॉडेलचे तुकडे करू नका. छज्जे, डक्टची खाचखळगी, जिन्याच्या पायऱ्या हेही आत आणू नका. त्यांचं वजन द्या.

शिवाय, कोणत्याही फाइलमधून भेगाळलेल्या सेक्शनचे गुणांक येत नाहीत. आयएस १८९३ भाग १, २०१६ प्रमाणे आरसीसी इमारतीच्या भूकंप विश्लेषणात मोमेंट ऑफ इनर्शिया बीमसाठी मूळ सेक्शनच्या ०.३५ पट आणि कॉलमसाठी ०.७० पट घ्यायचा असतो. ते दर वेळी स्वतः भरा आणि रिपोर्टात लिहा.

प्रश्न : पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मुलांचा ठाम समज आहे की सॉफ्टवेअरने हिरवा रंग दाखवला म्हणजे काम झालं. मॉडेल आणि प्रत्यक्ष जोड यांतला फरक किती महागात पडू शकतो, याची खरी उदाहरणं हवी आहेत.
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : दोन सांगते. दोन्हींत जीवितहानी झाली नाही, म्हणून वर्गात मोकळेपणाने बोलता येतील.

पहिलं अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं, हार्टफर्ड सिव्हिक सेंटर. ३०० फूट बाय ३६० फुटांचं स्पेस फ्रेमचं (दांड्यांच्या त्रिमितीय जाळीचं) छप्पर, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर विश्लेषण करून केलेलं. त्या काळात ही मोठी नवलाई होती. सगळी फ्रेम जमिनीवर जोडून जॅकने वर उचलली. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते अख्खं छप्पर खाली आलं. काही तासांपूर्वी तिथे बास्केटबॉलचा सामना होता आणि सुमारे पाच हजार माणसं बसली होती. चौकशीत निघालं ते असं: वरच्या थरातल्या दाबाच्या मेंबरना मध्यावर आडवा आधार मिळतो, असं हिशेबात धरलेलं होतं. प्रत्यक्ष जोडात तिरपे आणि आडवे मेंबर एका बिंदूत भेटत नव्हते, त्यामुळे तो आधार धरल्याइतका ताठ नव्हता. कडेच्या मेंबरना तर तो जवळपास नव्हताच. मुलांना यातली एक गोष्ट आवर्जून सांगा. बांधकामाच्या वेळीच छपराची झुकण हिशेबापेक्षा दुपटीच्या आसपास मोजली गेली होती. आकडा समोर होता. तिथेच मॉडेल पुन्हा उघडायला हवं होतं.

दुसरं नॉर्वेतलं. स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, ८२ मीटर खोल समुद्रासाठी बांधलेला. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत तो चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवत असताना एका पोकळीची भिंत फुटली आणि सगळा पाया तळाशी गेला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. विश्लेषण नॅस्ट्रान या प्रोग्रॅममध्ये केलं होतं. जिथे तीन भिंती मिळतात त्या नाजूक ठिकाणी एलिमेंट (मेशचे तुकडे) मोठे आणि वेडेवाकडे होते. त्यामुळे शिअर (कातर बल) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला आणि भिंतीतलं स्टीलही अपुरं पडलं. अपघातानंतर नीट मेश करून पुन्हा हिशेब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. ती फुटली होती ६५ मीटरवर. तोच सिद्धान्त योग्य मेशवर लावला, तेव्हा त्याने इतकं जवळचं उत्तर दिलं. हे ऐकून मुलांचा विश्लेषणावरचा विश्वास कमी होऊ नये, तो वाढावा, असं मला वाटतं. फक्त मेश कुठे बारीक हवा हे ओळखायची नजर त्यांना द्यायला हवी, आणि ती तुमच्याच वर्गात मिळू शकते.

प्रश्न : वाळूजला मशीन बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. ७५ बाय ७५ बाय ६ च्या ट्यूबची बेस फ्रेम, वर ६ मिलिमीटरच्या प्लेट. सॉलिडवर्क्समधून स्टेप फाइल करून अॅन्सिसमध्ये घेतो. मेश लाखांत जातो, पीसी रात्रभर चालतो, आणि सकाळी एका कोपऱ्यात स्ट्रेस प्रचंड दिसतो. मेश बारीक केला की स्ट्रेस आणखी वाढतो. खरा कोणता धरायचा?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्या कोपऱ्यातला एकही नाही. आतल्या बाजूचा धारदार कोपरा असेल तर गणितानेच तिथला स्ट्रेस अमर्याद होतो. मेश जितका बारीक कराल तितका तो चढत जाईल. खऱ्या फ्रेममध्ये तिथे वेल्डची गोलाई असते. वेल्डपासून थोडं दूरचा स्ट्रेस घ्या, किंवा त्या जोडातले फोर्स काढून वेल्ड हाताने तपासा.

स्टेप निवडलंत ते योग्य. आयजेस हे फाइलचं जुनं, १९८० चं रूप. त्यातून बऱ्याचदा सुटे पृष्ठभाग येतात आणि ते शिवत बसावं लागतं. स्टेपमधून घन वस्तू घन म्हणूनच येते. पण तुमच्या कामाला घन मुळात हवाय का? ट्यूब बीम एलिमेंटने आणि प्लेट मिड-सरफेस काढून शेल एलिमेंटने करा. रात्रभराचं काम मिनिटांत येईल. बोल्टचे आटे, नेमप्लेटची भोकं, बाहेरच्या कडांचे फिलेट सॉलिडवर्क्समध्येच सप्रेस करून मग स्टेप काढा. जिथे तडा जाण्याची भीती आहे, त्या आतल्या कोपऱ्याचा फिलेट मात्र ठेवा.

मिड-सरफेस काढला की एक नवी अडचण येते. प्लेटचा मधला पृष्ठभाग आणि ट्यूबची मधली रेषा यांत अंतर पडतं, इथे साडेचाळीस मिलिमीटर: ट्यूबचे ३७.५ आणि प्लेटचे ३. ते बाँडेड काँटॅक्ट देऊन किंवा ऑफसेट देऊन जोडावं लागतं. आणि सगळं जोडलं गेलं का हे कसं कळणार? सगळे सपोर्ट काढून टाका आणि मोडल (कंपनांचं) अॅनालिसिस चालवा. मोकळ्या वस्तूला जवळपास शून्य फ्रीक्वेन्सीचे सहाच मोड असतात, तीन सरकण्याचे आणि तीन फिरण्याचे. सातवा, आठवाही शून्याजवळ आला तर कुठलातरी तुकडा सुटा आहे. त्या मोडचं अॅनिमेशन लावा, सुटी प्लेट स्वतःच हलून दाखवेल. ही तपासणी मला सगळ्यांत जास्त आवडते, आणि स्टॅड किंवा ईटॅब्सच्या मॉडेललाही ती तितकीच लागू पडते. तिथे सपोर्ट ठेवूनच फ्रीक्वेन्सी काढा. पहिल्याच मोडमध्ये अख्ख्या इमारतीऐवजी एखादाच बीम फडफडत असेल तर तो जोडलेला नाही.

प्रश्न : मस्कतमध्ये डिटेलिंग ऑफिसात आहे. टेक्ला या डिटेलिंगच्या प्रोग्रॅममधून स्टॅडमध्ये मॉडेल जातं, क्लायंट बदल करतो, पुन्हा पाठवतो. दुसऱ्या वेळी लोड भलत्याच मेंबरवर बसलेले असतात.
— एक वाचक, मस्कत

उत्तर : पुन्हा इम्पोर्ट झालं की मेंबरचे नंबर बदलतात, आणि तुमचे लोड नंबरवर लिहिलेले आहेत. लोड, रिलीज (टोकाला फिरायची मोकळीक) आणि डिझाइनच्या लांब्या ग्रुपच्या नावावर लिहा. मग नंबर बदलले तरी फक्त ग्रुप नव्याने भरावे लागतील. सेक्शनच्या नावांचा तक्ता पहिल्या दिवशी बनवा. ब्रिटिश यूबी, युरोपियन एचईए आणि भारतीय आयएसएमबी असे सेक्शन एकाच प्रोजेक्टमध्ये असतील तर नाव न जुळलेला मेंबर गुपचूप दुसऱ्याच सेक्शनने येऊ शकतो. आणि क्लायंटचा बदल चार-पाच मेंबरचा असेल तर तो दोन्हीकडे हातानेच करा.

रेव्हिट हा इमारतीचं मॉडेल करायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी जाता जाता सांगते. २०२३ च्या आवृत्तीपासून रेव्हिटमध्ये अॅनालिटिकल (हिशेबाचं) मॉडेल प्रत्यक्ष मॉडेलपासून स्वतंत्र ठेवलं आहे. कॉलम हलवला की अॅनालिटिकल रेष आपोआप हलेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मंगल कार्यालयाच्या अंगणावर पाइपच्या कमानींचं छप्पर आहे. स्पॅन १८ मीटर, उंची ३ मीटर. ऑटोकॅडमध्ये आर्क काढला, पण स्टॅडमध्ये कमानीच येत नाहीत, फक्त टाय आणि पर्लिन येतात. सरळ तुकडे केले तर किती करायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डीएक्सएफमधून जाताना साध्या लाइनच भरवशाच्या, तेव्हा तुकडे करावेच लागतील. किती, ते हिशेबाने ठरवा. तुमच्या कमानीची त्रिज्या १५ मीटर येते. दीड मीटरचा सरळ तुकडा घेतला तर खरी कमान त्याच्या मध्यावर १.५ चा वर्ग भागिले ८ गुणिले १५, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर वर असते. पाऊण मीटरचा घेतला तर हा फरक पाचच्या आत येतो. कमानीत दाब मोठा असतो, आणि तो गुणिले हा फरक एवढा मोमेंट तुमच्या हिशेबात चुकतो. पाऊण मीटर घ्या, आणि पर्लिन त्याच तुकड्यांच्या टोकांवर येतील असं बघा. तुकड्यांमुळे बकलिंगची लांबी पाऊण मीटर धरली जाईल. चाकणच्या वाचकांना सांगितलं तेच इथेही करा, लांबी स्वतः द्या.

मग आडवा धक्का तपासा. मीटरला ५ किलोन्यूटनचा सारखा भार असेल, तर पायाशी आडवी रिअॅक्शन साधारण ५ गुणिले १८ चा वर्ग भागिले ८ गुणिले ३, म्हणजे ६७ किलोन्यूटनच्या आसपास यायला हवी. ती जवळपास शून्य आली, तर एक टोक रोलर झालेलं आहे. टाय घातला असेल तर तीच ओढ टायमध्ये दिसेल. टाय नसेल, तर तेवढा धक्का फूटिंगवर जातो. अंगणाच्या कडेला जुन्या दगडी चौथऱ्यावर कॉलम उभे करणार असाल, तर फाउंडेशन पाहणाऱ्या इंजिनिअरला हा आकडा उभ्या भारापासून वेगळा, दिशेसकट लिहून द्या.